अघलबींचे हौद

ट्युनिशियातलं कैरवान शहर नदीकाठी नाही, समुद्रकाठीही नाही. अरब सेनापती उक्बा इब्न नाफीनं ६७० मध्ये ते कोरड्या सपाटीवर लष्करी तळ म्हणून वसवलं. पावसात ओढे दुथडी भरून वाहायचे, एरवी ठणठणीत कोरडे. या शहरासाठी अघलबी घराण्यानं नवव्या शतकात बांधलेले हौद आजही शाबूत आहेत.

त्यांची रचना साधी आणि हुशार आहे. पाणी आधी सुमारे ३७ मीटर व्यासाच्या लहान हौदात येई. गाळ तळाशी बसला की वरचं निवळ पाणी शेजारच्या मोठ्या हौदात उतरे. त्याचा व्यास सुमारे १२८ मीटर, खोली जवळपास ५ मीटर. तिथून ते झाकलेल्या टाक्यांत जाई आणि लोक तिथूनच भरून नेत. एवढ्या पाण्याचा रेटा सोसावा म्हणून भिंतींना आतून-बाहेरून गोलसर धिरे दिले आहेत.

राज्यकर्त्यांनी एवढा खर्च का केला? त्यासाठी ८०० साल पाहावं लागतं. खलिफा हारून अल् रशीदनं इब्राहिम इब्न अल्-अघलबला इफ्रिकियाचा, म्हणजे आजच्या ट्युनिशियाच्या परिसराचा, अमीर नेमलं. इब्राहिमनं वर्षाला ४०,००० दिनार बगदादला पाठवायचे आणि इजिप्तकडून मिळणाऱ्या मदतीवर पाणी सोडायचं, असा सौदा ठरला. नाव खलिफाचं, कारभार अघलबींचा. पण या नव्या घराण्याला घरचाच धाक होता. अरब सैनिक वारंवार बंड करत आणि कैरवानचे धर्मशास्त्री करवसुलीवर कडक टीका करत. ८२७ मध्ये झियादत अल्लाह पहिल्यानं सिसिलीवर स्वारी काढली आणि नेतृत्व काझी असद इब्न अल्-फुरातकडे दिलं. सैनिकांना लढाई मिळाली, मोहिमेला धर्माची मान्यता.

लोकांची मर्जी संपादण्याचं उरलेलं काम बांधकामांनी केलं. झियादत अल्लाहनं ८३६ मध्ये मोठी मशीद नव्यानं उभारली. अबू इब्राहिम अहमदच्या काळात (८५६–८६३) हे हौद झाले, मशिदीच्या मेहराबीवर चकाकत्या फरशा बसल्या आणि सागवानी मिंबर (प्रवचनाचं व्यासपीठ) आलं. साग मूळचा आफ्रिकेतला नाही. ते लाकूड हिंदी महासागराच्या व्यापारातून तिथवर पोचलं.

पुढे इब्राहिम दुसऱ्याच्या क्रौर्यानं हा सगळा लौकिक धुळीला मिळवला. ९०९ मध्ये कुतामा या बर्बर टोळीची फौज चालून आली, तेव्हा शेवटचा अमीर झियादत अल्लाह तिसरा पळून गेला. कैरवानकर त्याच्यासाठी लढले नाहीत. पाण्याची सोय करणाऱ्या घराण्याचे उपकार त्यांनी मानले असतील, पण जाचाचा हिशेब त्याहून मोठा निघाला.