मळखेडची एकसरी माळ

कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड आज सिमेंटसाठी ओळखलं जातं. नवव्या शतकात कागिणाकाठचं हेच गाव मान्यखेट होतं, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची राजधानी. गणिती महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त आरंभीच त्याची स्तुती आहे. त्याच ग्रंथात एक छान गणित आहे: हिरा, नीलम, पाचू, पोवळं आणि मोती यांतून एकसरी माळेचे प्रकार किती? उत्तर 31. इथे कोणती रत्नं घ्यायची एवढंच मोजलंय. पाचही घेऊन क्रम बदलत गेलो, तर 120 ओळी होतात.

आता दोरा ताणून धरा आणि मणी घसरू द्या. ते एकमेकांना ढकलतात असं समजा. अंतर निम्मं झालं की जोर आठपट. कुणी कुणाला ओलांडू शकत नाही. म्हणजे त्या 120 ओळी जणू 120 बंद खोल्या. ज्या खोलीत सुरुवात झाली, तिथेच मुक्काम. हेच मणी ताटात सोडले तर मात्र ते एकमेकांना वळसा घालतात, भिंती उरत नाहीत, आणि त्यांच्या वाटांची चक्क वेणी पडते! हा टोपोलॉजीचा, म्हणजे आकारांच्या गणिताचा, भाग.

खरी गंमत दोऱ्यावरच आहे. गुरुत्वाकर्षणात तीन गोल एकत्र आले की गणित हाताबाहेर जातं. इथे मणी कितीही असोत, ते सुटतं. इटलीच्या फ्रान्चेस्को कालोजेरो यांनी 1971 मध्ये क्वांटम मण्यांचं, तर युर्गेन मोझर यांनी 1975 मध्ये साध्या मण्यांचं कोडं सोडवलं. मण्यांच्या मागे संख्यांचा एक चौकोनी तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, दडलेला असतो. तो कुणाच्या अध्यातमध्यात न पडता सरळ रेषेत, एकाच वेगाने चालतो. मण्यांच्या जागा म्हणजे त्याच्या आयगेन-किमती, त्या तक्त्यातून निघणाऱ्या खास संख्या. आपण बघतो ती सगळी ढकलाढकली त्या सरळ चालीची सावली. म्हणूनच दुरून एकत्र आलेले मणी शेवटी पांगतात तेव्हा वेग येतानाचेच असतात, फक्त मालक बदललेले: सर्वांत डावीकडच्याचा वेग सर्वांत उजवीकडच्याकडे. दोऱ्याला झोळीसारखा झोल दिला, तर ठरावीक वेळाने सगळे एकदम मूळ जागी येतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पीएचडी केलेले श्रीराम शास्त्री आणि ब्रिटनचे डंकन हॉल्डेन यांनी 1988 मध्ये, स्वतंत्रपणे, माळेची टोकं जोडली. त्यांचे मणी जागचे हलत नाहीत, फक्त मण्यांचे चुंबकी कल बदलतात. दोन मण्यांमधलं अंतर मात्र माळेच्या कडेने मोजायचं नाही. ते आडवं मोजायचं, आपल्या जुन्या गणितातल्या जीवेने.