जकातीचा पाचवा हक्कदार

रमजान सुरू झाला की सोलापुरातील मुस्लिम घरांत वर्षभराच्या शिलकीचा हिशेब मांडला जातो. सोने, रोकड, दुकानातला माल यांच्या मूल्याची अडीच टक्के रक्कम जकात म्हणून बाजूला निघते. ती कोणाला द्यावी, हे कुरआनच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहे. त्या आठ हक्कदारांत पाचवा आहे ‘रिकाब’. शब्दाचा अर्थ माना. म्हणजे गुलामीत अडकलेल्या माना सोडवणे. पहिली अजान देणारे हजरत बिलाल स्वतः हबशी गुलाम होते. हजरत अबू बक्र यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केले.

तरीही माणसांचा बाजार थांबला नाही आणि तो मांडणाऱ्यांत मुस्लिम व्यापारीही होते. हे लपवण्यात अर्थ नाही. इथिओपियात जन्मून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. सोलापूरचा किल्लाही त्याने घेतला. पण असे नशीब एखाद्याचेच.

बाकीच्यांनी मुकाट्याने सोसले असेही नाही. 1839 मध्ये क्युबाजवळ ‘अमिस्ताद’ जहाजावर सेंगबे आणि त्याच्या साथीदारांनी बंड करून जहाज ताब्यात घेतले. 1841 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्वतंत्र ठरवले.

आपल्या बाजूच्या समुद्रातही गुलाम वाहून नेले जात होते. पूर्व आफ्रिकेतून पळवलेली मुले गलबतांत कोंबली जात. इंग्रजी आरमाराने अडवलेल्या गलबतांतली काही मुले मुंबईत उतरवली गेली आणि त्यांतली काही नाशिकच्या शरणपूर वस्तीत आली. मिशनऱ्यांच्या त्या शाळेत अक्षरओळखीबरोबर सुतारकी, लोहारकी शिकवत. याच शाळेतला जेकब वेनराइट पुढे संशोधक लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी आफ्रिकेत गेला. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा सोबत्यांनी त्यांचा देह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणला. जेकब त्या देहाबरोबर लंडनपर्यंत गेला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तोही होता. नाशिकचे आणखी काही जण मोंबासाजवळच्या फ्रीअरटाऊनमध्ये नव्याने सुटलेल्यांना उभे करायला गेले. सुटलेला माणूस दुसऱ्याला सोडवायला परतला.

भारतात 1843 च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली, तर वेठबिगारीवर बंदी यायला 1976 उजाडले. आज बेडी दिसत नाही, पण उचल दिसते. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेते. हंगामात ती फिटली नाही, तर पुढच्या हंगामाची मेहनतही आधीच गहाण पडते. जकातीच्या यादीत ‘रिकाब’नंतर लगेच, सहाव्या क्रमांकावर, कर्जात बुडालेला माणूस येतो.

म्हणून जकात काढताना जवळपास कोणाची मान अडकली आहे, हेही पाहावे. आणि ज्याला रोजा नाही, जकात नाही, त्यानेही आपल्याकडे उचल घेऊन राबणाऱ्याचा हिशेब एकदा उघड्यावर मांडावा.