हिमनदीची चाल व सरोवराचे पात्र

आष्टीच्या परिसरात वैशाखात काळी जमीन भेगाळते. अशा ठिकाणी हिमनदीचा पाठ चालू असता, “गुरुजी, आपल्याकडे बर्फ कोठला?” असे एखाद्या मुलाने विचारल्यास नवल नाही. या प्रश्नाचे उत्तर वर्धेच्या खोऱ्यातच आहे.

आष्टी तालुक्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धेस पुढे पैनगंगा मिळते. त्या भागात, चंद्रपूर जिल्ह्यातील इरई येथे, गुळगुळीत झालेला व ओरखड्यांनी भरलेला चुनखडक भूशास्त्रज्ञ फेडन यांना आढळला. त्याचे वर्णन १८७५ साली प्रसिद्ध झाले. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भारतभूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूस असताना सरकत्या बर्फाने हे ओरखडे पाडले. त्या काळच्या खडकांस ‘तालचीर’ म्हणतात. त्यांत हिरवट, बारीक गाळाच्या थरांत मध्येच मोठे धोंडे रुतलेले दिसतात. ते तरंगत्या हिमखंडांतून सुटून सरोवराच्या तळाशी पडलेले होत.

अशी सरोवरे कशी घडतात? हिमनदी पुढे सरकताना तळ खरवडते व दगडमातीचा बांध तोंडापुढे लोटते. या बांधास हिमोढ म्हणतात. ती मागे हटली की उघड्या पडलेल्या खोलगट भागात वितळलेले पाणी साचते. हे पाणी बर्फाची कड पोखरते, कडे कोसळतात, हिमनदी आणखी हटते आणि सरोवर लांबत जाते. हिमनदी पुन्हा पुढे आली, तर साचलेला गाळ दडपून ती नवा बांध रचते. म्हणजे सरोवराचे पात्र कायमचे नसते.

वर्गात हे सहज दाखविता येईल. परातीत ओली माती पसरून बर्फाचा तुकडा दाबीत पुढे न्यावा व थोडा मागे ओढून वितळू द्यावा. पुढे बांध व मागे तळे दिसेल. मग बांधास बोटाने खाच पाडावी; पाणी ती खाच रुंदावीत धावेल.

ही खाच म्हणजे केवळ खेळ नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवरात काठचा हिमोढ कोसळला. उसळलेल्या लाटेने बांध फोडला, तिस्तेच्या पुरात चुंगथांगचे धरण वाहून गेले व अनेकांनी प्राण गमावले. तापमान वाढत असल्याने हिमालयात अशी सरोवरे वाढत आहेत. भूगोलाचा पाठ माणसांच्या जीविताशी कसा जोडलेला आहे, हे शिक्षकबंधुभगिनींनी मुलांच्या मनावर अवश्य बिंबवावे.