साहेब, धंदा कोणता लिहू?

1994 साली मी मुरबाडला बँकेत अधिकारी होतो. पंतप्रधान रोजगार योजना आदल्याच वर्षी सुरू झाली होती. सुशिक्षित बेरोजगारांना लाखापर्यंत कर्ज. अर्जांचे गठ्ठे यायचे आणि बहुतेकांत मजकूर एकच: किराणा दुकान, नाहीतर पिठाची गिरणी. टोकावड्याकडच्या एका पोराने मात्र तो रकाना कोराच ठेवला होता. म्हणाला, ‘‘साहेब, धंदा कोणता लिहू?’’

मार्च महिना, टेबलावर ढीग. मी म्हटले, ‘‘झेरॉक्स लिही.’’ त्याने लिहिले. गावात दिवसाला वीज किती तास असते, हे मी विचारले नाही. मशीन वर्षभरात बंद पडले. वसुलीची नोटीस माझ्याच सहीने गेली.

मुलगा दहावी शिकलेला होता. दहा वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि विचारला तो थेट कर्जाच्या अर्जाने.

गेल्या हिवाळ्यात शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत बोलायला गेलो. दहावीच्या वर्गाला विचारले, पुढे काय होणार? पोलीस, शिक्षिका, नर्स, पुन्हा पोलीस. मुलांचे चुकत नव्हते. पगार घेणारी एवढीच माणसे त्यांनी जवळून पाहिलेली. तानसा धरण 1892 पासून याच तालुक्यात आहे, भातसाही इथेच. भातसाचे पाणी नदीने पिशाला जाते, तिथे उपसतात, पांजरापूरला शुद्ध करतात, मग ते मुंबईच्या नळाला येते. वाटेत फिटर लागतो, वीजतंत्री लागतो, पाणी तपासणारा रसायनतज्ज्ञ लागतो. वर्गात एकालाही हे ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात पाड्यावर येणारा टँकर तेवढा सगळ्यांना ठाऊक. मुरबाडच्या एमआयडीसीचेही तसेच. बाप फाटकातून रोज आत जातो, पण ठेकेदाराचा मजूर म्हणून.

2016 साली राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली, काही वर्षे चालली. हेतू चांगला होता. पण ज्याने लेथ कधी पाहिलेच नाही, त्याचा कल लेथकडे आहे की नाही, हे कागद कसे सांगणार? डॉ. श्रीनाथ कलबागांनी हे फार आधी ओळखले होते. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून त्यांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात: वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य तपासणी. कल तिथे आपोआप कळतो.

आणखी एक गैरसमज पालकांत पक्का आहे: आयटीआय म्हणजे शिक्षण संपले. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. हे मी फळ्यावर बाण काढून दाखवले. बँकेत असताना व्याजाचे तक्ते समजावले तसे.

तास संपताना मागच्या बाकावरची मुलगी उठली. ‘‘सर, पाणी तपासणारी बाई असते का?’’

असते, मी म्हटले. बारावी विज्ञान, मग रसायनशास्त्रात बी.एस्सी. तिने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले आणि विचारले, ‘‘पिसे इथून किती लांब?’’

शाळेची सहल दरवर्षी रिसॉर्टला जाते. यंदा पांजरापूरला न्यायची परवानगी मागणारा अर्ज मुख्याध्यापकांनी लिहिला आहे. उत्तर यायचे आहे.