बंदुकीचा परवाना : हक्क नव्हे, जबाबदारी

साताऱ्यातील पाटण आणि सांगलीतील शिराळा या डोंगराळ तालुक्यांत रानडुकरे व गवे उभ्या पिकात शिरतात आणि एका रात्रीत हंगामाचे कष्ट मातीस मिळतात. अशा वेळी शेतकऱ्यास बंदूक सहज मिळावी, अशी मागणी होते. दुसरीकडे, गावठी पिस्तुले व कोयते घेऊन दहशत माजविणाऱ्यांच्या बातम्या वाचून, राज्य शासनाने कडक कायदा करावा, असेही आपण म्हणतो. या दोन्ही मागण्यांचा विचार करण्यापूर्वी मूळ कायदा समजून घेणे आवश्यक आहे.

शस्त्रे व दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या संघसूचीत आहे. त्यामुळे बंदुकीचा कायदा संसदच करते, विधानसभा नव्हे. सध्या शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील २०१६ चे नियम लागू आहेत. सातारा व सांगली जिल्ह्यांत परवाना देण्याचा अधिकार प्रामुख्याने जिल्हा दंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. राज्याच्या हाती महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७ आहे. त्यानुसार शांतता राखण्यासाठी ठरावीक काळ तलवारी, भाले, लाठ्या घेऊन फिरण्यास मनाई करता येते.

शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क असावा काय, हा वाद जुना आहे. इंग्लंडच्या १६८९ च्या हक्कांच्या सनदेने स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याची मुभा केवळ प्रॉटेस्टंट प्रजाजनांना दिली. कॅथोलिकांना त्यातून वगळले होते. भारतात १८७८ च्या कायद्याने एतद्देशीयांवर परवान्याचे बंधन घातले आणि युरोपियनांना मोकळीक दिली. या अन्यायाच्या आठवणीमुळेच १९३१ च्या कराची काँग्रेसने, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा ठराव केला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला व ती नामंजूर झाली. आपल्या घटनेने शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला.

डिसेंबर २०१९ मध्ये हा वाद पुन्हा रंगला. एका परवानाधारकास तीन बंदुका ठेवता येत असत. मूळ विधेयकात ही संख्या एकवर आणण्याचा प्रस्ताव होता; आक्षेपांनंतर ती दोन ठरली. वारसाहक्काने आलेली बंदूकही या मर्यादेत मोजली जाते. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. लग्न वा मिरवणुकीतील आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचे प्राण धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शेतकऱ्याची गरज कायद्याने नाकारलेली नाही. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. मात्र हा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पिकाची नासधूस करणाऱ्या प्राण्यास मारण्यासाठी वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची वेगळी परवानगी लागते.

कोयत्याचे काय? केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनविलेली अवजारे या अधिनियमाच्या व्याख्येत ‘शस्त्र’ ठरत नाहीत. ऊसतोड कामगारास कोयत्याचा परवाना लागत नाही, तो यामुळेच. परंतु त्याच कोयत्याने कोणास धमकाविले, तर तो गुन्हाच ठरतो.

वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. परवानाधारक वडील वा आजोबा निवर्तल्यावर त्यांची बंदूक माळ्यावर ठेवून देणे ही भाबडी चूक अनेक घरांत होऊ शकते. परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. ती बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करावा. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार साधारणतः दोन ते पाच वर्षे कैदेची शिक्षा आहे.

स्वतःचे व आपल्यावर अवलंबून असलेल्यांचे रक्षण करणे ख्रिस्तसभेला मान्य आहे. परंतु त्यासाठी गरजेपेक्षा अधिक बळ वापरणे मान्य नाही. कायदाही जवळपास हेच सांगतो. भुकेल्या रानडुकराचा बंदोबस्त व्हायलाच हवा, आणि शेजाऱ्याच्या लेकराला आपल्या घरातील बंदुकीचे भयही वाटू नये. कायद्याची चर्चा करताना या दोन्ही घरांचा विचार आपण करू या.