गाडीभर एकच रताळं

तोंडाने लोणकढी थाप मारायला काही लागत नाही. फोटोतून मारायची तर मोजपट्टी लागते. बेळगावातल्या वडगावहून येळ्ळूरकडे जाताना लागणाऱ्या शिवारात, भाताची सुगी उरकल्यावर, एका रिकाम्या बैलगाडीसमोर आम्ही ट्रायपॉड लावला तो याच कामासाठी. बेत असा होता: गाडीत एकच रताळं, दहा फूट लांब, दोराने आवळलेलं, आणि शेजारी ते सावरणारा गडी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या रताळ्यांना बाजारात नाव आहे, म्हणजे थापेचा पाया तरी खरा होता. संगणकाला हात लावायचा नाही, कात्री, खळ आणि कॅमेरा यांवरच भागवायचं, असं ठरवलं होतं.

अशा थापांच्या पोस्टकार्डांचा धंदा बहरला तो अमेरिकेत. तिथे 1907 मध्ये टपाल खात्याने कार्डाची मागची बाजू दुभागून एकीकडे पत्ता आणि दुसरीकडे मजकूर लिहायला परवानगी दिली. चित्राला अख्खी पुढची बाजू मोकळी मिळाली आणि पोस्टकार्डांचं पेव फुटलं. कॅन्सस राज्यातल्या ऑटावा गावचा छायाचित्रकार विल्यम मार्टिन 1908 च्या सुमारास अशी अचाट कार्डं काढू लागला. एकेका कणसाने भरलेली गाडी, अवाढव्य कांदा, घोड्याएवढा ससा, असा त्याचा माल. 1912 मध्ये त्याने धंदा विकून टाकला. त्याच काळात विस्कॉन्सिनमधल्या वॉपन गावी आल्फ्रेड स्टॅनली जॉन्सन आपल्या घरच्या आणि गावच्या माणसांना उभं करून हेच करत होता. शेतकरी ही कार्डं लांबच्या नातेवाइकांना धाडत. ज्या कॅन्ससमध्ये 1874 साली टोळांनी उभी पिकं फस्त केली, तिथूनच कणसांच्या या बढाया निघाल्या, हे लक्षात घेतलं की त्यातली मजा जास्त कळते.

आता आमचं गणित. रताळं आठ इंचांचं, ते दहा फुटांचं दिसायला हवं. म्हणजे पंधरा पट. गाडीचा फोटो वीस फुटांवरून काढला, तर रताळ्याचा त्याच्या पंधराव्या हिश्शाने, सोळा इंचांवरून काढायचा. उंचीलाही तोच हिशेब. भिंग जमिनीपासून पाच फुटांवर आणि गाडीचा तळ तीन फुटांवर, म्हणजे गाडीपेक्षा दोन फूट वर. रताळ्याच्या वेळी हे दोन फूट दीड इंचाच्या जरासे वर भरतात. म्हणून रताळं पाटावर ठेवून कॅमेरा जवळपास पाटाच्या पातळीला आणावा लागतो. नेहमीच्या सवयीने उभ्याने, वरून फोटो घेतला की रताळं गाडीत पडलेलं दिसत नाही, हवेत तरंगतं. अंतर बरोबर धरलं आणि भिंग तेच ठेवलं, तर दोन्ही फोटो एकाच मापाने छापूनही रताळं गाडीत आपोआप बसतं.

इतक्या जवळून घेतलेल्या फोटोत पुढचं टोक स्पष्ट आणि मागचं पुसट येतं. त्यावर उपाय म्हणजे भिंगाचं छिद्र अगदी बारीक करून शटर जास्त वेळ उघडं ठेवणं. मातीचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. पाव इंचाचं ढेकूळ गाडीत जवळजवळ चार इंचांचं होतं आणि दोन इंचांचं मूळ अडीच फुटांचं. ढेकळं ब्रशने झाडली, मुळं ठेवली. ती गाडीबाहेर लोंबली तेव्हा रताळ्याला वजन आलं. उन्हाची दिशाही जुळवावी लागते. गाडीवर सकाळचं ऊन डावीकडून होतं, तेव्हा रताळ्यावरही ते तेवढ्याच तिरपेपणाने डावीकडूनच हवं.

माणसाचं काम सगळ्यांत अवघड. फोटो म्हटलं की माणूस हसतो, नाहीतर ताठ उभा राहतो. हवेला रेटा द्यायला सांगितलं तर अंगात जोर दिसत नाही. शेवटी गाडीत भाताच्या पिंजाराचे भारे रचले, वरून दोर टाकला आणि तो खरोखर आवळायला लावला. दंडाच्या शिरा तटतटल्या, एक पाय चाकाच्या आऱ्यावर गेला. हे भारे पुढे रताळ्याखाली झाकले गेले, पण ताण खरा राहिला. रस्त्याने जाणाऱ्या एका आजोबांनी सायकल थांबवून सगळी चौकशी केली आणि गंभीरपणे विचारलं, "मार्केटला ह्येचा दर किती मिळंल ओ?" थाप मारताना चेहरा कसा ठेवायचा, ते आम्हाला त्यांनी शिकवलं.

मग कातरकाम. रताळ्याचा फोटो बारीक कात्रीने कापला. कापलेल्या कागदाची पांढरी कड दिसली की सोंग उघडं पडतं. म्हणून मागच्या बाजूने पॉलिश पेपर घासून कड पातळ केली आणि राखाडी रंगाचा हलका हात दिला. मैद्याच्या खळीने ते गाडीच्या फोटोवर चिकटवलं. तरीही ते वेगळंच दिसत होतं. रताळं आणि फळी जिथे टेकतात तिथे काळसर सावलीची बारीक रेघ ओढल्यावर ते गाडीत बसलं. पुढे दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पाडून त्या जोडचित्राचा पुन्हा फोटो घेतला. त्यात कडांची सावली मरते, आणि त्यावरून हवी तेवढी कार्डं निघतात. मार्टिन-जॉन्सन यांची रीतही मुळात हीच.

आपल्याकडे ही कारागिरी सिनेमाने उचलली. दादासाहेब फाळके मूळचे छायाचित्रकार आणि जादूगारही. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी कॅमेऱ्याच्या करामती केल्या. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री'त कीचकवध असा वठवला, की तो भाग कापावा लागला. पण तिथे प्रेक्षकाने विश्वास ठेवावा हा हेतू असतो. कार्डाचा हेतू उलटा. बघणाऱ्याला थाप कळलीच पाहिजे, आणि कळूनही चूक सापडता कामा नये.

त्यासाठी थाप एकच लागते. बाकी दोर, चाक, ऊन, घाम सगळं खरं. आज मोबाइलवर चार शब्द टाकून चित्र मिळतं. त्यात रताळंही अचाट, बैलही अचाट, आभाळही अचाट, म्हणून हसू येत नाही. शिवाय ते खरं म्हणून पुढे पाठवलं जातं. विनोद कुठला करायचा, हेही जमिनीनेच ठरवावं. 1935 मध्ये टोळ आले तेव्हा कॅन्ससच्या गार्डन सिटीतल्या फ्रँक कॉनर्डने माणसाहून मोठे टोळ दाखवणारी कार्डं काढली. वडगाव-शहापूरच्या भातात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिरतं. इथला कॉनर्ड त्यावरच कार्ड काढेल. तुम्हीही आपल्या गावची एखादी थाप अशी काढून बघा. फक्त मागे गावाचं नाव, तारीख आणि 'ही गंमत आहे' एवढं लिहून ठेवा.