माती, मूर्ती आणि मन

मातीशी माणसाचे नाते जन्मापासून मरणापर्यंतचे आहे, असे वाक्य आपण सर्वांनीच शाळेपासून निबंधात लिहिले आहे. मीही लिहिले होते आणि त्याला गुणही मिळाले होते. परंतु त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो मूर्ती घडविण्यासाठी हातात प्रत्यक्ष माती घेतल्यावर. मातीची मूर्ती कशी घडते, आणि तिच्यात श्रद्धा व स्वतःचा अनुभव कोठून येतो, हे मला जसे उमगले तसे येथे मांडत आहे.

आपल्या भागात मूर्तिकला ही घराघरांत आहे, फक्त आपण तिला कला म्हणत नाही. नागपंचमीचा नाग, बेंदराचे किंवा पोळ्याचे बैल, गणपती, हरतालिकेची वाळूची पिंड हे सारे हातानेच होते. अशा मूर्तीला ‘पार्थिव’ म्हणतात, म्हणजे पृथ्वीची, मातीची. आवाहन केले की तिच्यात देव येतो, विसर्जन केले की ती पुन्हा माती होते. या दोहोंमधला काळ तेवढा देवाचा. दगडाची मूर्ती टिकावी म्हणून घडवितात. मातीची मूर्ती सोडून द्यावी लागणार हे ठाऊक असूनही आपण ती मन लावून घडवितो. हीच तिची साधना आहे असे म्हटले तर वावगे ठरू नये.

मातीकामाचा विषय निघाला की संत गोरोबाकाकांचे स्मरण होतेच. कुर्डुवाडीहून एकीकडे पंढरपूर, तर दुसरीकडे बार्शीवरून पुढे गेले की धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेरणेच्या काठचे हे गाव गोरोबांचे. ज्ञानेश्वर-नामदेवांचे ते समकालीन. विठ्ठलाच्या भजनात दंग होऊन चिखल तुडवीत असता त्यांचे रांगते मूल पायाखाली आले आणि त्यांना कळलेही नाही, ही कथा मी आजीकडून अनेकदा ऐकली. तल्लीनता असावी तर अशी, एवढाच बोध तेव्हा मी घेत असे. पुढे कुंभारकाम पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. कुंभार माती पायाने तुडवितो ती एकजीव करण्यासाठी, आणि तिच्यातील खडा, मूळ, काडी तळपायाला कळावी म्हणूनही. म्हणजे ज्या कामात पाय सर्वांत जागे असावयास हवेत, त्याच कामात गोरोबांचे पाय त्या दिवशी झोपले होते. कथेत पुढे गोरोबांचे हातही जातात. विठ्ठलाच्या कृपेने मूल व हात दोन्ही परत मिळतात खरे, पण तल्लीनतेचीही किंमत असते हे ती कथा लपवीत नाही.

ही गोष्ट मला इतकी का लागली, ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. माझी आजी दर आषाढीला पायी पंढरपूरला जाई. शेवटची दोन वर्षे मात्र ती सोप्यातील बाजेवर पडून असे. समोरच अंगणात मी शाडूचा गणपती करीत बसे. ती हाक मारी, “पोरी, पाणी दे गं.” मी मान वर न करता म्हणे, “थांब आजी, हात भरलेत.” ती थांबे. गणेश चतुर्थीच्या आठवडाभर आधी ती गेली. सुतकामुळे त्या वर्षी घरी गणपती बसला नाही. माझी अर्धवट मूर्ती कोनाड्यात वाळून गेली.

दिवस झाल्यावर आजीचीच मूर्ती करावी असे मनाने घेतले. शेतातील काळी माती आणली, भिजविली आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली वारकरी बाई भरीव घडविली. शेजारीपाजारी ‘छान’ म्हणाले. आईने मात्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “ह्या आत्याबाई न्हाईत.” चौथ्या दिवशी मूर्तीला गळ्यापासून कमरेपर्यंत तडा गेला.

ती तडकलेली मूर्ती घेऊन मी ओळखीच्या कुंभारकाकांकडे गेले. त्यांनी सांगितले ते असे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात आपल्या रानाला भेगा पडतात त्या याच कारणाने. म्हणून ती एकटी वापरावयाची नाही. तळ्याचा गाळ, राख, घोड्याची लीद किंवा बारीक भुसा तिच्यात मिसळला म्हणजे तिचे आकसणे कमी होते. माती चाळून, भिजवून, मुरवून मगच मळावी. हात, मान असे भाग जोडताना दोन्ही बाजूंवर ओरखडे काढून पातळ माती लावावी. वाळविणे सावलीत आणि सावकाश. बोटे, नाक यांसारखे बारीक भाग आधी वाळतात, म्हणून त्यांना ओले फडके गुंडाळावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, मूर्ती आतून पोकळ हवी. “भरीव मूर्तीत पानी ऱ्हातं, अन् आव्यात वाट न्हाई मिळाली का फुटती,” हे त्यांचे शब्द. विज्ञानही हेच सांगते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सोळाशे पट जागा लागते. ती मिळाली नाही तर माती फोडून ती बाहेर येते.

हे ज्ञान आपल्या मातीत फार जुने आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातील भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. त्या काळचे कारागीर दोन साच्यांत पुढचा व मागचा भाग वेगवेगळा काढून जोडीत आणि मूर्ती पोकळ ठेवीत. अलीकडचे उदाहरण सासवण्याचे शिल्पकार वि. पां. करमरकर (१८९१ ते १९६७) यांचे. पुण्यातील १९२८ सालचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. त्याच हातांनी त्यांनी ‘मत्स्यगंधा’सारखी साधी माणसेही घडविली. देवादिकांखेरीज घरातल्या माणसाची मूर्ती करावी की नाही, ही माझी शंका त्यामुळे फिटली.

परंतु आईच्या बोलण्याचे उत्तर काही कुंभारकाकांकडे नव्हते. ते मला पुंडलिकाच्या कथेत सापडले. आईवडिलांची सेवा चालली होती म्हणून पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला वीट दिली आणि थांब म्हटले. देव थांबला. मी नेमके उलटे केले होते. देव घडवीत बसले आणि माणसाला थांब म्हटले. माझी पहिली मूर्ती कोणत्याही कॅलेंडरवरच्या वारकरी बाईची होती, कारण ही गोष्ट मी तिच्यातून वगळली होती. अनुभवातून मूर्ती घडवावयाची म्हणजे आपल्याला शोभणारा तेवढा अनुभव निवडून चालत नाही.

दुसरी मूर्ती मी पोकळ केली. बाजेवर बसलेली आजी, डोक्यावर वृंदावन नाही, पुढे केलेल्या हातात रिकामा पेला. आईने पाहिले आणि पदर डोळ्यांना लावला.

कुंभारकाका म्हणतात, वाळव आता, पुढच्या आव्यात घालू. सुमारे ५०० ते ६०० अंश उष्णतेला मातीच्या कणांत बांधलेले पाणीही निघून जाते; त्यानंतर ती कधीही चिखल होत नाही. कच्ची मूर्ती मोडून पुन्हा करता येते, भाजलेली नाही. गोरोबांनी थापटण्याने सर्व संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेव रागावले, पण पुढे विसोबा खेचरांकडे जाऊन शिकले. कच्चे असणे हा अपमान नव्हे. कच्चे आहे तोवर सुधारण्यास वाव आहे.

म्हणून माझी मूर्ती अजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. हात साधला आहे, चेहरा साधत नाही. पाण्याची वाट पाहताना आजीचा चेहरा कसा दिसे, ते मला आठवत नाही. कारण तेव्हा मी मान वर करून पाहिलेच नव्हते.

(द्वितीय वर्ष, कला)